कर्नल साइक्स आणि आपल्या पायाखालचा ज्वालामुखी

होस्टेलवर रात्री मेसचं जेवण उरकलं की ज्यावरून भांडणं होतात त्यांत क्रिकेट, सबमिशन आणि कुणाच्या गावचं मटण भारी, हे तीन विषय कायमचे. पण मागच्या टर्मला आमच्या रूमवर चक्क ज्वालामुखीवरून वाद पेटला. मी दौंडचा. माझा रूम पार्टनर शिरूर तालुक्यातला, टाकळी हाजीकडचा. त्याच्या शेतात विहिरीचं काम चालू होतं आणि सुट्टीत मीही बघायला गेलो होतो. यारीने वर येणारा माल दर आठवड्याला वेगळा. वरची काळी माती संपली, मुरूम लागला. मुरमाखाली भोकाभोकांचा ठिसूळ दगड, ज्याला आमच्याकडं मांजऱ्या म्हणतात. त्याच्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. आणि त्याच्याही खाली विटेसारखा लालभडक एक थर. तो संपला तर पुन्हा मांजऱ्या, पुन्हा काळा पाषाण!

पार्टनरचं म्हणणं असं, की हा सगळा ज्वालामुखीचा दगड आहे आणि त्यांच्या कुंडावर कुकडी नदीत जे रांजणखळगे आहेत ती ज्वालामुखीची तोंडं. माझं म्हणणं, काय राव, ज्वालामुखी असता तर त्याचा डोंगर नको का कुठंतरी? शिरूरपासून दौंडपर्यंत बघितलं तर सगळा सपाट मुलूख. शेवटी वाद सिव्हिलच्या सरांपुढं गेला. इंजिनिअरिंग जिऑलॉजी शिकवणाऱ्या सरांनी दोघांनाही अर्धे अर्धे मार्क दिले आणि सांगितलं, की तुमच्याच भागात दोनशे वर्षांपूर्वी एक माणूस बॅरोमीटर घेऊन हिंडत होता, आधी त्याची माहिती काढा. लायब्ररीत बसून काढली. तीच इथं देतोय.

त्या माणसाचं नाव विल्यम हेन्री साइक्स. जन्म २५ जानेवारी १७९०, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्डजवळ. १८०३ मध्ये, म्हणजे आपण आठवी-नववीत असतो त्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात कॅडेट म्हणून दाखल झाले. पुढच्याच वर्षी मुंबईच्या फौजेत अधिकारी झाले आणि १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात लढले. हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा ते शिकले. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी आणि पुण्याच्या लढाया झाल्या, त्यांत ते कंपनीच्या बाजूने पलटणीचं नेतृत्व करत होते. नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही होते. थोडक्यात सांगायचं तर पेशवाई बुडवणाऱ्या फौजेतला हा माणूस. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्यांचं कौतुक करायचं आहे आणि ते करताना हे विसरून चालणार नाही.

१८२० मध्ये त्यांनी रजा घेतली आणि जवळजवळ चार वर्षं युरोपात हिंडून काढली. तो काळ भूशास्त्राच्या दृष्टीने मोठा गमतीचा होता. बेसॉल्ट हा काळा दगड समुद्राच्या पाण्यातून साचला की पृथ्वीच्या पोटातल्या आगीतून आला, यावर युरोपातल्या विद्वानांची दोन पिढ्या भांडणं चालली होती. म्हणजे बघा, आमच्या रूमवरच्या भांडणाला बऱ्यापैकी जुनी परंपरा आहे! साइक्स यांच्या तारुण्यापर्यंत आगवाल्यांची बाजू वरचढ झाली होती.

ऑक्टोबर १८२४ मध्ये ते परत आले. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. त्याने साइक्स यांना मुंबई सरकारचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे कंपनीच्या ताब्यात येऊन जेमतेम सहा-सात वर्षं झाली होती. इथं माणसं किती, जमीन कुणाची, पिकतं काय, हे नव्या मालकाला हवं होतं. हेतू उघड आहे, सारावसुली. पण साइक्स यांनी त्या नेमणुकीचा अर्थ फार मोठा लावला. माणसं मोजायचीच आहेत तर पक्षी का नकोत? जमीन मोजायची तर तिच्याखालचा दगड का नको? हवेचा दाब, पाऊस, मासे, प्राणी, सगळंच त्यांनी वहीत घेतलं.

पुढची सहा वर्षं ते दख्खनच्या पठारावर हिंडत होते. घोड, कुकडी, भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा ही सगळी खोरी त्यांनी पाहिली. दौंडजवळ भीमेच्या काठी, नगर जिल्ह्याच्या हद्दीत पेडगाव आहे. बहादूरगडाचं पेडगाव, तेच. तिथं भीमेत सापडलेल्या माशांची वर्णनं त्यांच्या लेखात आहेत, स्पेलिंग मात्र इंग्रजी जिभेला जमेल तसं, पैरगाव! दख्खनच्या चाळीसहून अधिक जातींच्या माशांची त्यांनी नोंद केली, त्यांतल्या कित्येक शास्त्राला नव्या होत्या. नवीन जातीचं नाव ठेवताना ते लॅटिनच्या मागं फारसे लागले नाहीत. काठावरचे लोक जे म्हणायचे तेच घेतलं. नुक्ता, कोलुस, सींगटी, गोग्रा ही नावं माशांच्या शास्त्रीय नावांत आजही आहेत. पक्ष्यांचंही तसंच. नदीकाठी गुपचूप मान आखडून बसणारी आपली ढोकरी शास्त्राच्या वहीत पहिल्यांदा नोंदवली ती साइक्स यांनी, १८३२ मध्ये. एका चंडोलाला त्यांनी देवा हे नाव दिलं आणि एका छोट्या वटवट्याला रामा!

आता दगडाकडं येऊ. घाटात एसटीच्या खिडकीतून डोंगर बघितला तर तो जिन्यासारखा दिसतो. एक उभा कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. स्वीडिश भाषेत जिन्याला जो शब्द आहे त्यावरून अशा खडकाला युरोपात ट्रॅप म्हणत. दख्खनच्या खडकाला हे नाव रूढ करण्याचं श्रेय साइक्स यांना दिलं जातं. त्यांनी आपल्या निबंधात या पायऱ्यांचं वर्णन केलं, थर किती लांबवर आडवे पसरलेत ते सांगितलं, खांबांसारखा तडकलेला बेसॉल्ट, कांद्यासारखे पापुद्रे निघणारे गोल धोंडे, लाल लोहयुक्त मातीचे थर, दगडाच्या पोकळ्यांतले पांढरे स्फटिक, थर चिरत जाणाऱ्या दगडी भिंती, जमिनीतली चुनखडी, सगळं नोंदवलं. आमच्या विहिरीतून जे जे निघालं, ते बहुतेक सगळं त्या यादीत आहे.

यादी त्यांनी केली. त्यामागचं कारण पुढच्या लोकांनी शोधलं. ते थोडक्यात सांगतो, परीक्षेलाही उपयोगी पडेल.

पृथ्वीच्या पोटात सगळीकडं लाव्हा उकळतोय अशी आपली समजूत असते. तसं नाही. कवचाखालचं प्रावरण हा घनच खडक आहे. तो प्रचंड तापलेला असतो, पण वरच्या दाबामुळं वितळत नाही. कुकर आठवा. आत पाणी शंभर अंशांच्या वर जातं तरी दाबामुळं उकळत नाही, पण दाब एकदम कमी झाला की खळखळतं. तसंच प्रावरणातला तापलेला खडक हळूहळू वर सरकला की त्याच्यावरचा दाब घटतो आणि त्याचा काही भाग वितळतो. हा शिलारस आजूबाजूच्या खडकापेक्षा हलका, म्हणून तो फटींतून वाट काढत वर येतो. त्यात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू विरघळलेले असतात. पृष्ठभाग जवळ आला की सोड्याच्या बाटलीसारखे ते बुडबुडे होऊन सुटतात.

आता उद्रेक शांत होणार की स्फोटक, हे मुख्यतः शिलारस किती दाट आहे आणि त्यात वायू किती आहे यावर ठरतं. बेसॉल्टमध्ये सिलिका निम्म्याच्या आसपास, म्हणून तो पातळ. वायू सहज निसटतात आणि अकराशे-बाराशे अंशांचा रस वाहत सुटतो. आमच्या दौंड भागातल्या गुऱ्हाळात काहिलीतला पाक वाफ्यात ओतताना बघा, तो आपोआप पसरतो आणि सारखा होतो. त्याचा डोंगर होत नाही. उलट रायोलाइटसारख्या रसात सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर. तो इतका चिकट की वायू अडकून बसतात, आणि सुटतात तेव्हा सगळ्याच्या ठिकऱ्या उडवतात. मग वाहणारा लाव्हा कमी आणि राख, प्युमिस, धगधगत्या वायूचे लोंढे जास्त.

दख्खनला झालं ते पहिल्या प्रकारचं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून बेसॉल्ट वाहत राहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आइसलंडमध्ये १७८३ साली, साइक्स यांच्या जन्माच्या सात वर्षं आधी, लाकी नावाच्या सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला होता. माणसाने बघितलेल्या दख्खनच्या जातीच्या मोठ्या उद्रेकांपैकी तो एक. दख्खनचे कित्येक लोंढे त्याच्याहून किती तरी मोठे होते. आजही झिजून उरलेला हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भागावर आहे. कोयनेजवळ केलेल्या बोअरमध्ये तो ९०० मीटरच्या वर जाडीचा लागला, तर किल्लारीला भूकंपानंतर घेतलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटर.

म्हणजे माझा प्रश्न, ज्वालामुखीचा डोंगर कुठं आहे, हाच चुकीचा होता. डोंगर नव्हताच. भेगा होत्या. त्या भेगांत थिजून राहिलेला रस म्हणजे थर चिरत जाणाऱ्या त्या दगडी भिंती, ज्यांना आपण डाइक म्हणतो आणि ज्या साइक्स यांनी नोंदवल्या होत्या.

विहिरीचंही गणित मग सुटतं. लाव्ह्याचा लोंढा थांबला की बुडबुडे वर येऊन वरच्या सायीत अडकतात, तो मांजऱ्या. मधला भाग सावकाश निवतो, तो काळा पाषाण. निवताना दगड आकसतो आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशा भेगा पडून त्याचे खांब होतात. पुढं गरम पाणी झिरपून बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिओलाइट, गारगोटी, कॅल्साइट साचतात. पुण्याहून शिरूरला येताना वाघोली लागते, तिथल्या खाणींतलं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. आणि लाल थर? दोन लोंढ्यांच्या मधल्या निवांत काळात जुन्या लाव्ह्याची माती झाली आणि वरून आलेल्या नव्या लाव्ह्याने ती भाजून काढली. म्हणून विटेसारखा रंग. विहिरीतला लाल पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली सुट्टी!

पार्टनरचे रांजणखळगे मात्र ज्वालामुखीचे नव्हेत. दगड ज्वालामुखीचा, पण खळगे पाण्याने पाडलेत. पुराच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षं गरगर फिरून बेसॉल्ट घासत राहिले. म्हणून अर्धे मार्क.

परत साइक्स यांच्याकडं येतो, कारण त्यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट इथंच आहे. डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने स्टॅटिस्टिकल रिपोर्टरचं पदच रद्द केलं. काम अर्धवट होतं. एल्फिन्स्टन दोन वर्षांपूर्वीच मायदेशी निघून गेला होता. अशा वेळी आपण काय केलं असतं? फाइल बंद, सामान बांधा, पलटणीत परत. साइक्स यांनी काम पुरं करायची परवानगी मागितली, त्या कामाचा पगार न घेता. परवानगी मिळाली. पुढचं वर्षभर ते तेच करत राहिले आणि जानेवारी १८३१ मध्ये अहवाल संपवूनच इंग्लंडला निघाले.

हे वाचलं तेव्हा मला माझी दुसऱ्या सेमिस्टरची जर्नल आठवली. खोटं कशाला बोलू, त्यातली निम्मी रीडिंग्ज मी मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवली होती आणि ग्राफ सरळ यावा म्हणून दोन-तीन आकडे वाकवलेही होते. व्हायवात कुणी पकडलं नाही. इथं एक माणूस, ज्याला कुणी विचारणार नव्हतं, आकडे मागणारं ऑफिससुद्धा बंद झालं होतं, तो तरी बॅरोमीटर वाचतोय. दख्खनमध्ये हवेचा दाब रोज ठरावीक वेळी दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हे त्यांनी नोंदींवरून दाखवलं. तो निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. दोन आकडे वाकवले असते तर ही बारीक चढउतार दिसलीच नसती.

इंग्लंडला गेल्यावर त्यांनी एकेक विषय निबंधरूपाने मांडला. पक्षी आणि प्राणी १८३१-३२ मध्ये, दख्खनच्या भूशास्त्रावरचा निबंध १८३३ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढं, मासे त्यानंतर. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत होते. पुढं तिचे अध्यक्षही झाले. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आणि १८५६ मध्ये चेअरमन झाले. १८५७ पासून मरेपर्यंत ॲबर्डीनचे खासदार होते. म्हातारपणीही मोजायची हौस गेली नाही. बलूनमधून उंचावरची हवा मोजण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने कमिटी नेमली, तिचं अध्यक्षपद साइक्स यांच्याकडं होतं. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नजरेतून सुटलेलंही बरंच आहे. खडकाचं वय त्यांना कळणं शक्यच नव्हतं, ते मोजायची पद्धतच विसाव्या शतकातली. आणि एक गंमत. टाकळी हाजीच्या कुंडावरून कुकडीच्या काठाने वर गेलं की जुन्नर तालुक्यात बोरी गाव लागतं. तिथं नदीकाठच्या गाळात फिकट पांढऱ्या रंगाचा एक थर आहे. १९८० च्या दशकात संशोधकांनी ओळखलं, की ही ज्वालामुखीची राख आहे. आपल्या बेसॉल्टशी तिचा काही संबंध नाही. तिचं वय किती यावरून बराच वाद झाला, पण राखेतल्या काचेच्या कणांची रासायनिक घडण तपासून अनेक संशोधकांनी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची असल्याचं दाखवलं. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा तो उद्रेक, वर सांगितलेल्या दुसऱ्या, स्फोटक जातीचा. तीन हजारांहून अधिक किलोमीटर उडत आलेली राख आणि ती येऊन पडली कुठं, तर कुकडीच्या काठी! एकाच नदीत दोन्ही जातींचे ज्वालामुखी. तळाला वाहून आलेला आणि काठाला उडून आलेला. कुकडीचं खोरं साइक्स यांनी पाहिलं होतं, पण राख त्यांच्या यादीत नाही. म्हणजे आपल्यासारख्यांना अजून काम शिल्लक आहे.

साइक्स यांना थोर म्हणायचं का, यावरही आमच्या रूमवर एक रात्र गेली. पार्टनर म्हणाला, लढाई जिंकून आलेल्या कंपनीचा माणूस, त्याची मोजणी आपल्या आज्या-पणज्यांकडून सारा वसूल करायला, त्याचं कसलं कौतुक? त्याचं खोटं नाही. त्यांना मासे दाखवणारे कोळी, डोंगरवाटा दाखवणारे वाटाडे, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. माशांची नावं तेवढी उरली. मला मात्र वाटतं, मालक कोण होता हे लक्षात ठेवून नोंद खरी आहे की नाही हे वेगळं बघता येतं. नोंद खरी होती. म्हणून तर दोनशे वर्षांनी ती शिरूरच्या एका विहिरीला लागू पडली. हा वाद अजून मिटलेला नाही, वाचकांनी आपलं मत जरूर कळवावं.

विहिरीला पाणी लागलं बरं का! सिव्हिलच्या सरांनी सांगितल्याप्रमाणं दुसऱ्या मांजऱ्यातच लागलं, कारण त्यात भेगा आणि फटी जास्त. पार्टनरने या वेळी फूटपट्टी-टेप घेऊन प्रत्येक थराची जाडी मोजली आणि वहीत लिहून आणली. लाल पट्टा दोन ठिकाणी वेगळा भरला, तर दोन्ही आकडे तसेच लिहिलेत. सरासरी काढून सरळ केले नाहीत. माझी या टर्मची जर्नलही मी स्वतः घेतलेल्या रीडिंग्जची आहे. ग्राफ जरा वाकडा आलाय, पण आहे तो माझा.